सात हजार एकशे पंधरा रुपयांचं ऑइल

हे एका गाडीचं तीन वर्षांचं प्रकरण आहे. गाडी २०१६ची, बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक. वापर अगदी मध्यमवर्गीय: सिंहगड रोडवरून ऑफिस, महिन्यातून एकदा गावी, वर्षाला साडेपाच-सहा हजार किलोमीटर. वॉरंटी केव्हाच संपलेली. एक वर्षी ऑइल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बदललं, दुसऱ्या वर्षी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्वतः बदललं, तिसऱ्या वर्षी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे. तिन्ही वेळची बिलं माझ्याकडे आहेत. पोट हिशेबतपासणीवर चालतं, त्यामुळे बिल फेकून देणं हातून होत नाही.

सुरुवात २०२३च्या जूनमधल्या बिलापासून. सर्व्हिस सेंटरचं नाव सांगत नाही, कारण जे घडलं ते कुठेही घडतं. एकूण रक्कम ७,१३० रुपये. त्यात ऑइल, ऑइल फिल्टर आणि जुनं ऑइल खाली सोडायच्या नटाचा, म्हणजे ड्रेन नटचा वायसर मिळून २,१४०. सर्व्हिसची मजुरी करासकट १,७७०. म्हणजे ज्यासाठी गाडी नेली ते काम ३,९१० रुपयांत झालं. उरलेल्या ३,२२० मध्ये एसीचं निर्जंतुकीकरण, थ्रॉटल बॉडीची सफाई, अलाइनमेंट, धुलाई असं बरंच काही. मी सकाळी घाईघाईत ज्या कागदावर सही केली होती, त्यावर हे सगळं लिहिलेलं होतं. तेव्हा त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही.

खटकली ती वेगळीच ओळ. ऑइल ३.५ लिटर, दर ५७० रुपये. गाडीच्या पुस्तिकेत फिल्टरसकट क्षमता दिलीय ३.१ लिटर. सल्लागाराला विचारलं, तर तो म्हणाला, "सर, सिस्टिमला साडेतीनच पडतं. पॅक तेवढाच येतो."

"मग उरलेलं चारशे मिली?"

तो हसला. मीही हसलो. २२८ रुपयांसाठी काचेच्या केबिनमध्ये आवाज चढवायचा स्वभाव नाही. पण घरी येताना डोक्यात तेच. चारशे मिली उरलं असेल तर गेलं कुठे, आणि उरलं नसेल तर साडेतीनच्या साडेतीन माझ्या इंजिनात ओतलं का? दुसरी शक्यता पहिलीपेक्षा वाईट. ऑइल खुणेच्या फार वर गेलं की इंजिनातला फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, ते घुसळतो, त्याचा फेस होतो, आणि फेसात वंगणाचा गुण राहत नाही. पार्किंगमध्ये आल्यावर ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, म्हणजे गेज, ओढून पाहिलं. पातळी वरच्या खुणेला बरोबर टेकलेली. म्हणजे पहिली शक्यता.

माझा खरा प्रश्न त्या दिवशी तयार झाला. पैसे किती, यापेक्षा माझ्या गाडीत काय गेलं हे मला कोण सांगणार?

घरी करायचं ठरलं त्याची कारणं

एक कारण तर वरचंच. दुसरं कारण बाबा. त्यांची चेतक होती. पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल घालून घ्यायचे, आणि स्कूटर रुसली की अंगणात प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे. त्या पिढीत गाडी असणं आणि हात काळे होणं वेगळं नव्हतं. तिसरं कारण न्यू जर्सीतला भाचा. तो घरासमोरच्या ड्राइव्ह-वेवर गाडी रॅम्पवर चढवतो, अर्ध्या तासात ऑइल बदलतो, आणि दुकानात जेवढे द्यावे लागले असते त्याच्या निम्म्याहून कमीत भागवतो. त्याचे व्हिडिओ कॉल पाहून मला चेव आला होता.

भाच्याच्या गणितात दोन गोष्टी अशा होत्या ज्या माझ्याकडे नव्हत्या, पण हे मला नंतर कळलं. एक, तिथे मजुरी महाग. दोन, तिथे जळकं ऑइल डब्यात भरून सुट्या भागांच्या दुकानात नेलं की ते घेतात. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात तर ऑइल विकणाऱ्यांनी ठरावीक मर्यादेपर्यंत ते मोफत परत घ्यावं असा कायदाच आहे.

२०२४च्या मे महिन्यात खरेदी केली. पुण्यात सुटे भाग म्हटलं की नाना पेठ. तिथून फिल्टर ११० रुपयांना, वायसर १५ रुपयांना. ऑइल मात्र पेठेतल्या दुकानातून घेतलं नाही. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून साडेतीन लिटरचा कॅन १,८५० रुपयांना आणला. बनावट ऑइलचा धंदा रिकाम्या कॅनवर चालतो. भंगारात गेलेला चांगला कॅन पुन्हा भरून, नवं बूच लावून बाजारात येतो. कॅन भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडावं, ही सवय तेव्हापासून लागली.

पुस्तिकेने सांगितलेला ग्रेड ०डब्ल्यू-२०. दुकानात शेजारी उभे असलेले एक गृहस्थ न राहवून म्हणाले, "एवढं पाण्यासारखं पातळ? इंजिन खाईल ते. वीस-चाळीस टाका." वीस-चाळीस म्हणजे २०डब्ल्यू-४०. हा गैरसमज घरोघरी आहे, म्हणून जरा थांबतो. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा गार इंजिनात ऑइल किती चटकन वाहतं ते सांगतो, तर नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरची, म्हणजे शंभर अंश सेल्सिअसला मोजलेली जाडी. गाडी सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत ऑइल वरच्या भागांपर्यंत पोचायचं असतं आणि झीज तेव्हाच जास्त होते, त्यामुळे गार असताना पातळ असणं हा गुण आहे. आणि ज्या इंजिनातल्या फटी आणि पंप पातळ ऑइल धरून बनवलेत, त्यात जाड ऑइल घातलं की पेट्रोल जास्त जातं, एवढाच लाभ. जुन्या गाड्यांना वीस-चाळीस लागायचं हे खरं, पण ती आठवण सगळ्या गाड्यांना लावून चालत नाही.

"काळं पडलं म्हणजे बदला" हाही असाच सल्ला. चांगलं ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवतं, म्हणून ते काळं दिसतं. डिझेल गाडीत तर थोडक्याच दिवसांत होतं. माझ्या गाडीला दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. माझं वर्षच आधी येतं. ऑफिसच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि ऑइलमध्ये उतरलेलं पाणी-पेट्रोल उडून जात नाही, त्यामुळे कमी किलोमीटर झाले म्हणून दुसरं वर्ष ढकलण्यात शहाणपण नाही.

अवजारांचा खर्च: लोखंडी रॅम्पची जोडी ३,६००, फिल्टर काढायचा कपासारखा पाना २८०, ट्रे २२०, हातमोजे आणि चिंध्या १५०. एकूण ४,२५०. रॅम्पवर एवढे पैसे का घातले, तर स्टेपनीबरोबर मिळतो तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली झोपणं म्हणजे आपल्याच छातीवर गाडी तोलणं. यात काटकसर करू नये.

तो रविवार

सकाळी आठला गाडी थोडी फिरवून आणली, म्हणजे ऑइल कोमट होऊन सहज उतरेल. पुढची चाकं रॅम्पवर, पहिला गिअर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. खाली सरकलो तेव्हा पोटाने पहिला आक्षेप नोंदवला.

ड्रेन नट सैल झाला. शेवटचे दोन आटे हाताने सोडवायचे, नटाला आत दाबून धरायचं आणि एकदम बाजूला घ्यायचं, असं भाच्याने शिकवलं होतं. मी एकदम घेतलं, पण हात तिथेच राहिला. कोपरापर्यंत ऑइल आलं. काळी धार आधी ट्रेच्या पलीकडच्या काठावर पडत होती, मग जोर कमी झाला तशी अलीकडे सरकली. ट्रे दोनदा सरकवावा लागला. खाली पडल्या पडल्या मोबाइलवर एक फोटो काढून भाच्याला पाठवला. तो फोटो लक्षात ठेवा.

फिल्टर कपाच्या पान्याने सुटला. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने नवं ऑइल लावलं, हाताने फिरवत नेला, रबर टेकल्यावर पाऊण फेरा. ड्रेन नटाला नवा वायसर घालून आवळला, बेताने. इंजिनाखाली ऑइल साठतं त्या चेंबरचे आटे ॲल्युमिनियमचे असले तर जोर लावणाऱ्याला महागात पडतं. आटे गेले की मोठ्या मापाचा नट किंवा नवं चेंबर. वरून तीन लिटर ओतलं. पावणेदहा वाजले होते. बायको चहा घेऊन खाली आली. मी स्टार्टर मारला.

पाच-सात सेकंद सगळं ठीक. मग खालून पिशवी फाटून दूध सांडावं तसा आवाज आला. बायको ओरडली, "अरे, बंद कर, बंद कर!" मी बंद करेपर्यंत लिटरभर नवंकोरं, मधाच्या रंगाचं ऑइल रॅम्पवरून उतरून पेव्हर ब्लॉकच्या फटींतून शेजारच्या गाडीच्या दिशेने निघालं होतं.

काय झालं होतं? जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आलीच नव्हती. ती इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहिली होती, आणि मी तिच्यावर दुसरी रिंग चढवली. हाताला घट्ट लागत होतं. पण दोन रबरं एकावर एक बसली की दाब येताच एक बाहेर फेकलं जातं. हाताने फिल्टर काढणाऱ्यांची ही जुनी, प्रसिद्ध चूक. मी सात व्हिडिओ पाहिले होते, दोनांत ती सांगितली होती. तरी जुना फिल्टर मी उलटा करून पाहिला नाही. ट्रेमध्ये पडलेला फिल्टर नंतर पाहिला, तर त्याच्या कडेची खाच रिकामी होती.

तिसऱ्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू होतं, त्यांच्या लाकडी भुश्याची पोती जिन्याखाली होती. दोन पोती भुसा अंथरला. ऑइल प्यायलेला भुसा गूळ घातलेल्या रव्यासारखा दिसतो. सफाईवाल्या दादांनी आणि मी साबणाची पावडर घालून ब्रशने घासलं. त्यांना तीनशे रुपये दिले. कमी पडलेलं ऑइल म्हणून आणखी एक लिटर ५९० रुपयांना आणावं लागलं. दुपारी बारापर्यंत गाडी सपाट जागेवर उभी, गेजवर पातळी बरोबर, खाली एक थेंब नाही. काम अखेर चोख झालं होतं.

सेक्रेटरी काका फेरी मारायला आले. डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अहो, हिशेब सोडून हे काय आरंभलंत?" सोमवारी फलकावर सूचना लागली: पार्किंगमध्ये वाहनांची दुरुस्ती करू नये. नाव नव्हतं, पण बासष्ट फ्लॅटना ते माहीत होतं.

संध्याकाळी बेरीज केली. सामान १,९७५, अवजारं ४,२५०, जादा ऑइल ५९०, सफाई ३००. एकूण ७,११५. सर्व्हिस सेंटरच्या बिलाहून पंधरा रुपये कमी.

पाच लिटरचा कॅन

खरं ओझं यानंतरचं. जळकं ऑइल पाण्याच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून बाल्कनीत ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. गटारात ओतायचं नाही हे कोणालाही कळतं. मग द्यायचं कुठे?

भंगारवाला आला. कॅन हलवून पाहिला आणि म्हणाला, "द्या की, सेंट्रिंगवाले घेतात." बांधकामावर स्लॅब टाकताना प्लेटांना काँक्रीट चिकटू नये म्हणून जळकं ऑइल फासतात, हे आपल्याकडे सर्रास चालतं. गावी वाळवी लागू नये म्हणून लाकडी खांबांना चोपडतात, दाराच्या बिजागऱ्यांना घालतात. माझ्या काकांनी तर "घेऊन ये, गोठ्याच्या वाशांना लावू" असा निरोपही पाठवला. टाकाऊतून टिकाऊ म्हणून कौतुक वाटावं अशीच ही सवय आहे, पण त्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू आणि जळणातून आलेले घातक पदार्थ असतात. ते हातांना लागतात आणि पाऊस पडला की मातीत जातात.

कायदा स्पष्ट आहे. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल मोडतं. ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्यांकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून त्यावर प्रक्रिया होईल हे पाहण्याची जबाबदारीही टाकली आहे. माझा रविवार त्यानंतर दोन महिन्यांच्या आतला. पण कागदावरची जबाबदारी माझ्या बाल्कनीपर्यंत पोचली नाही. ज्या सर्व्हिस सेंटरवर रुसून हा उद्योग केला, तिथेच कॅन घेऊन गेलो. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, बाहेरचं ऑइल घेतलं तर आमच्या नोंदीत कसं दाखवणार?" त्याचं बरोबर होतं. त्यांच्याकडे किती ऑइल आलं, किती निघालं, कोणाला दिलं याचा हिशेब ठेवावा लागतो. मजुरीच्या १,७७० रुपयांत हेही धरलेलं होतं, ते मला पहिल्यांदा दिसलं.

कॅन वर्षभर बाल्कनीत राहिला. तुळशीच्या बाजूला.

मिस्त्री

२०२५च्या जूनमध्ये कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेलो. दोन खड्डे, एक लिफ्ट, दारात टायरचा ढीग. मिस्त्रींना सांगितलं, "ऑइल, फिल्टर, वायसर मी आणलंय. तुम्ही फक्त बदला. मी इथे उभा राहतो."

"राहा की साहेब. चहा घेणार?"

अशा गॅरेजांत गिऱ्हाइकाने सामान आणलेलं बहुतेकांना चालतं. काहींना नाही, कारण ऑइलवरचा नफा बुडतो. यांनी मजुरी सांगितली ३५०. माझं सामान २,०२५. एकूण २,३७५ रुपये, वेळ पस्तीस मिनिटं. पाना जोर मोजणारा, टॉर्कचा नव्हता, हाताचा अंदाज होता. पण तो हात रोज हेच करतो. फिल्टर काढल्या काढल्या त्यांनी तो उलटा केला, रबराची रिंग आलीय हे पाहिलं, आणि इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरवलं. हे करताना ते पोराशी क्रिकेटवर बोलत होते. मला त्या एका बोटासाठी गेल्या वर्षी भुश्याची दोन पोती लागली होती.

ऑइल गळत असताना ते टॉर्च घेऊन गाडीखाली फिरले आणि मला बोलावलं. "साहेब, हा बूट फाटलाय बघा. ग्रीस उडतंय." चाकाच्या बाजूला ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यावर रबराचं एक आवरण असतं. त्याला चीर गेली होती आणि आतलं काळं ग्रीस आजूबाजूला शिंपडलं होतं. ग्रीस संपलं आणि धूळ-पाणी आत गेलं की सांधा वाजायला लागतो, आणि मग बूट बदलून भागत नाही. १,२०० रुपयांत नवा बूट आणि ग्रीस झालं.

घरी येऊन तो जुना फोटो काढला, गाडीखाली पडून भाच्याला पाठवलेला. डाव्या कोपऱ्यात, ट्रेच्या पलीकडे, तेच ग्रीस. वर्षभरापूर्वीचं, थोडं कमी. मी त्याच्याखाली अर्धा तास झोपलो होतो.

आता हिशेब. घरी ऑइल बदलणं आणि सर्व्हिस सेंटरमध्ये बदलणं, यांत १,९३५ रुपयांचा फरक आहे. अवजारांचे पैसे सव्वादोन वर्षांत निघतात. पण घर आणि मिस्त्री यांत फरक उरतो चारशेचा. त्या दराने ४,२५० निघायला दहा वर्षांहून जास्त लागतील, आणि माझी गाडी आताच नऊ वर्षांची आहे. परदेशातले व्हिडिओ पाहून आपण पहिली वजाबाकी करतो, कारण तिथे दुसऱ्या वजाबाकीतला माणूसच स्वस्तात मिळत नाही. आपल्याकडे मजुरी कधीच महाग नव्हती. महाग होता भरवसा, आणि तो समोर उभं राहून, सामान स्वतः आणून बऱ्यापैकी स्वस्तात मिळतो. वॉरंटीतली गाडी असती तर मात्र मी मुकाट्याने सर्व्हिस सेंटरलाच गेलो असतो, फक्त सही करण्याआधी कागद वाचला असता.

बाल्कनीतला कॅन त्याच दिवशी मिस्त्रींच्या पिंपात रिकामा केला. "हे पुढे जातं कुठे?" विचारलं. "येतो एक टेम्पोवाला," एवढंच उत्तर. या बाबतीत सर्व्हिस सेंटर मिस्त्रींच्या पुढे आहे, आणि मला ते अजून बोचतं. पुढच्या वेळी त्या टेम्पोवाल्याकडे नोंदणीचा कागद आहे का, हे विचारायचं आहे.

रॅम्प ऑनलाइन विकायला टाकलेत, जोडीला दोन हजार. दीड महिन्यात एकच फोन आला. "दादा, रविवारपुरते भाड्याने देता का?"